बाहीची निळी किनार

वरचं बटण काजात जाईना. गळ्याजवळचं, सगळ्यात वरचं — पांढरं, चार भोकांचं, तिनेच लावलेलं. आणि काजही तिनेच केलेलं, खिडकीशी बसून, चष्मा लावून... नवं काज जरा घट्टच असतं, दोन-तीनदा धुतलं की सैल होतं, असं गिऱ्हाइकांना सांगत आलेली नेलिदा आज स्वतः आरशासमोर हनुवटी वर करून उभी होती आणि बटण बोटांतून निसटत होतं. थंडीने नव्हे. पेरूच्या डोंगरांतल्या तार्मा गावातली सकाळ थंडच असते, तिची सवय असते. पण आजचा सोमवार वेगळा होता. जन्मभर दुसऱ्यांची बटणं लावली आणि स्वतःचं एक लागेना — वा गं वा, नेलिदा.

लागलं एकदाचं. ती एक पाऊल मागे सरली. आरशातली बाई तिच्याकडे असं पाहत होती, की चेहरा तर ओळखीचा वाटतोय पण नाव काही आठवत नाही. गुडघ्याखालपर्यंत येणारा पांढरा गणवेश. कॉलरला आणि दोन्ही बाह्यांच्या टोकांना बारीक निळी किनार. केस घट्ट मागे बांधून वर जाळी. कंबर होती तेवढीच जाड, पण बेतलं असं होतं की ती जाडी न वाटता भारदस्तपणा वाटावा. शिवणाऱ्या बाईला स्वतःचं माप घेता येत नाही — फीत मागे सरकते, श्वास आपोआप आत ओढला जातो, आकडा खोटा येतो — म्हणून तिने माप घेतलंच नव्हतं. या बांध्याच्या, या वयाच्या बायकांचे पांढरे गणवेश तिने इतके बेतले होते की हातांना पाठ होते. कापड पसरलं, खडू फिरवला, कात्री चालवली. रेडिओवर गाणी चालू होती आणि मन भलतीकडेच, पुढच्या सोमवारात... आणि बघा, कसा बसलाय अंगावर. कुठे झोल नाही, कुठे ताण नाही. सगळं बरोबर होतं.

या आरशात गावातली प्रत्येक नर्स उभी राहून गेली होती. मार्च उजाडला की नर्सिंग शाळेच्या मुली मापं द्यायला यायच्या. कोवळ्या, खिदळणाऱ्या, बोटावर मावेल एवढ्या कमरेच्या — आणि नेलिदा तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरायची. टाचण्या तोंडात असल्या की बोलावं लागत नाही, हा त्या धंद्यातला मोठा फायदा. एखादी चुणचुणीत मुलगी विचारायची, नेलिदा मावशी, तुम्ही का नाही झालात नर्स? आणि ती टाचण्यांआडून नुसतं हं हं करायची. काय सांगणार? त्या वयात घरात शिलाई मशीन आलं होतं, पाठची भावंडं होती, आणि वडील म्हणाले होते, आधी हे, मग ते. हे झालं. होतच राहिलं. ते राहूनच गेलं, आणि गंमत अशी की कुणी तिच्यावर जुलूम केला नव्हता, कुणावर रागावण्याचीही सोय नव्हती.

गणवेश तयार झाला की पिशवीत घालण्याआधी ती दाराला कडी लावायची आणि तो अंगाला लावून बघायची. घालायची कधीच नाही. फक्त खांद्यांशी धरायची, हनुवटीखाली कॉलर दाबून... हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, देमेत्रियो हसला नसता, पण त्याने गंमत म्हणून कुणाला तरी सांगितलं असतं, आणि मग कडी लावायची सोयही गेली असती. मग गणवेश घडी होऊन पिशवीत जायचा, पिशवी मुलीच्या हातात, मुलगी दवाखान्यात, आणि काही वर्षांनी तीच मुलगी थोडी रुंद होऊन परत यायची, लिसेन्सियादा होऊन. शिकलेल्या नर्सला, आणि नर्सिंग शिकवणाऱ्या बाईला, गावात सगळे लिसेन्सियादाच म्हणतात. नावाच्या आधी लागतं ते. नेलिदा घरच्या कामात असताना कधी कधी तो शब्द मनातल्या मनात आपल्या नावाआधी लावून बघायची आणि लगेच काढून ठेवायची, गणवेशासारखाच.

तेही चाललं असतं तसंच. पण देमेत्रियोचं अपेंडिक्स फुटलं. लिमाला भाजीचा ट्रक घेऊन जाणारा रेड्यासारखा माणूस पांढराफटक होऊन पलंगावर पडला, आणि सासरची माणसं बाहेर बाकावर जपमाळ ओढत बसली, आणि नेलिदा त्याच्या उशाशी. एक नर्स आली. चादर घाण झाली होती. नेलिदाला वाटलं आता याला उचलणार, हा ओरडणार — तर त्या बाईने त्याला नुसतं कुशीवर वळवलं, जुनी चादर त्याच्या पाठीला लागून लांबट गुंडाळत नेली, तिच्या शेजारी नवीन चादरीची तशीच गुंडाळी मांडली, त्याला त्या उंचवट्यावरून हलकेच पलीकडे लोळवलं, आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही ओढल्या. जुनी निघाली, नवी बसली. माणूस जागच्या जागी. देमेत्रियोने डोळेसुद्धा उघडले नाहीत. उभा जन्म कापडात गेला, पण कापडाचं असं काम नेलिदाने पाहिलं नव्हतं. तिला त्या घटकेला, नवरा एवढा आजारी असताना, सांगायला लाज वाटते पण — आनंद झाला. लख्ख आनंद. पुन्हा एकदा करून दाखवा ना, असं म्हणायला तिने तोंडही उघडलं होतं.

तो बरा झाला. ती काही बरी झाली नाही. पुढची दोन वर्षं हातात कुणाचाही फ्रॉक असो, डोक्यात ती चादर. शेवटी तिने नर्सिंग शाळेच्या कचेरीत गुपचूप नाव घातलं, वर्ग सोमवारपासून.

"घंटा वाजवायला ठेवून घेतील तुला," देमेत्रियो स्वयंपाकघरातून म्हणाला. तो पहाटेच लिमाहून परतला होता आणि मटणाच्या सुपात पाव बुडवत बसला होता. "नाहीतर दारावर. पोरींच्या पिशव्या तपासायला."

"सुया टोचायला शिकवणार आहेत. सरावाला माणूस लागतो म्हणे."

"पैज लाव. पोरी आई म्हणतील की आजी?"

ती दारात येऊन उभी राहिली. त्याने पावाचा तुकडा ताटलीत ठेवला, हात पुसले, आणि बोट फिरवून वळ म्हणाला. ती वळली. मग तो म्हणाला की कापड चांगलं आहे. त्याच्या घराण्यात यापेक्षा मोठी स्तुती कुणी कुणाची केलेली नाही, त्यामुळे नेलिदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तरी बाहेर पडताना तिने मनाशी घातलेली अट पुन्हा एकदा घातली: आज एक दिवस. आज जाऊन बघायचं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला पाहून वर्ग हसला, किंवा — हे त्याहून वाईट — वर्गाला कीव आली, तर उद्या जायचं नाही. दाराजवळची शिलाईची पाटी तिने काढून टाकली नव्हती, फक्त तोंड भिंतीकडे करून ठेवली होती. उलटी करायला कितीसा वेळ लागतो. या हंगामात एकही गणवेश शिवायला घेतला नव्हता, मुली दुसरीकडे गेल्या होत्या. पुढच्या हंगामात परत येतील. कुणाला काही कळणारही नाही. असं सगळं बेतून ठेवलं होतं तिने, दोन्हीकडून शिवण सोडून ठेवावी तसं.

कोपऱ्यावर किनुआचे दाणे आणि सफरचंद उकळून केलेलं गरम पेय विकणाऱ्या बाईच्या गाडीभोवती हीऽ गर्दी. नेलिदा नेहमीसारखी मागे उभी राहिली, तर ती बाई पातेल्यातल्या वाफेतून मान वर करून लोकांना म्हणाली, "अरे, वाट द्या जरा. लिसेन्सियादांना उशीर होईल." आणि माणसं खरोखर बाजूला झाली. रोज पेला हातात देणारी ही बाई, आणि आज तिने पांढऱ्यात ओळखलंही नाही! नेलिदाने पेला दोन्ही हातांत धरला. अगं मी नेलिदा, असं म्हणायला हवं होतं. म्हणाली नाही. गोड होतं, गरम होतं, आणि तो शब्द पहिल्यांदाच बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून कानात आला होता... फुकटचा, चुकून आलेला, तरी काय झालं. पांढरं घातलं की असंच होत असणार. तिने पेला संपवला आणि पुढची चढण जवळजवळ पळतच चढली, गुडघे काय म्हणतायत ते न ऐकता. हसू येत होतं, एकटीलाच, रस्त्यात. लोक बघतील म्हणून तिने तोंडावर हात धरला आणि हातामागे हसली.

शाळा तिला नवी नव्हती. फीत आणि पिशवी घेऊन इथे वर्षानुवर्षं येणं होतं, पण नेहमी डावीकडे, शिक्षिकांच्या खोलीत. वर्गखोल्या उजवीकडे. आज ती उजवीकडे वळली तेव्हा पायांना ते खरं वाटेना, ते क्षणभर डावीकडेच ओढले गेले. वर्गाचं दार अर्धं उघडं होतं. आतून आवाजांचा गलका. आता आत जायचं, मागच्या रांगेत बसायचं, कुणाच्या नजरेत यायचं नाही... तिने दार ढकललं.

गलका थांबला. खुर्च्या सरकल्या. अख्खा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, "नमस्कार, लिसेन्सियादा."

आणि नेलिदाने काय करावं? तिने हात खाली-वर हलवून त्यांना बसायची खूण केली. का केली, देव जाणे. हात आपोआप हलला, आणि तीस-पस्तीस पोरी मुकाट बसल्या. आता ती टेबलाजवळ उभी आणि सगळे डोळे तिच्यावर. मला हे करायचं नव्हतं, मला बसायचं होतं, पण मी त्यांना बसवलं... समोरच्या रांगेतल्या मुलीने तिच्याकडे पाहत हातातलं पेन सावरलं. त्या हाताकडे नेलिदाचं लक्ष गेलं. हाताकडे नाही, बाहीकडे. पांढरी बाही. कोरी. शेजारणीची बाही — कोरी. कॉलर कोरी. सगळ्या वर्गाच्या कॉलरी कोऱ्या, जशा असतात तशा, जशा तिने स्वतः शेकड्यांनी शिवल्या होत्या. आणि मग हळूहळू, बघावंसं वाटत नसताना, तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं.

निळी किनार. या शाळेत निळी किनार फक्त शिकवणाऱ्या बायकांना.

हे तिला माहीत नव्हतं? तिच्याइतकं गावात कुणाला माहीत होतं! त्या प्रत्येक लिसेन्सियादाच्या बाहीला ती किनार तिनेच लावली होती. पण या वयाची बाई शाळेच्या गणवेशासाठी आरशासमोर उभी राहिली म्हणजे ती शिकवणारीच, हे हातांनी इतक्या वर्षांत धरूनच ठेवलं होतं. मन सोमवारात हरवलं होतं तेव्हा हातांनी निळी पट्टी कापली, निळा दोरा ओवला, टीप मारली. आणि आठवडाभर ती आरशात पाहत होती. रोज. चूक दिसली नाही, कारण दिसत होतं ते बरोबर दिसत होतं — अशा बाईच्या अंगावर निळी किनारच असते. माझ्या हातांनासुद्धा पटलं नव्हतं तर. मी सगळ्या गावाला घाबरत होते, आणि पहिले नाही म्हणाले ते माझे हात.

कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दार मागेच होतं. कुणी हसलं नव्हतं अजून, कुणाला कीव आली नव्हती. अट अजून मोडली नव्हती. नुसतं वळून, आलेच हं, म्हणून निघून जाता आलं असतं.

"नेलिदाबाई! आलात शेवटी!"

दारात लिसेन्सियादा इवोन. हिचा पहिल्या वर्षाचा गणवेश नेलिदाने शिवला होता, आणि मग निळ्या किनारीचे तीन-चार. कंबर कुठल्या साली किती होती ते सांगता आलं असतं. इवोन हातातली पुस्तकं टेबलावर ठेवत वर्गाकडे वळली आणि भराभर सांगू लागली की याच त्या, गावातला सगळ्यात चांगला हात, यंदा गणवेश घेणार नाही म्हणून रुसल्या होत्या, तुम्हाला बाहेरून घ्यावे लागले आणि बघा कसे गोण्यांसारखे लोंबतायत. आता आल्याच आहेत तर एकेकीने उठून मापं दुरुस्त करून घ्या. मग तिने नेलिदाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचे डोळे कौतुकाने मोठे झाले. "आणि नमुना अंगावर घालूनच आलात. काय फिटिंग आहे हो. मला असाच एक पाहिजे."

तोंडात टाचण्या नव्हत्या. नेमक्या आजच नव्हत्या. नेलिदाच्या जिभेवर शब्द येऊन बसले होते — हो, द्या बघू माप, कोण येतंय आधी — इतके सोपे, इतके ओळखीचे, आणि पिशवीत फीतसुद्धा होती, सवयीने टाकलेली. ते शब्द म्हटले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. इवोनला, पोरींना, तिलाही, संध्याकाळपर्यंत.

"मी शिकायला आलेय," ती म्हणाली.

आवाज फारच मोठा निघाला. मागच्या भिंतीपर्यंत गेला असणार. इवोनचं तोंड थोडं उघडं राहिलं. वर्गात कुणीतरी फस्सकन हसू दाबलं, खुर्ची करकरली, आणि त्या शांततेत नेलिदाला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर हे, की किती सोपं होतं. तीन शब्द. एवढ्यासाठी एवढी वर्षं? आणि छातीत काहीतरी इतकं जोरात उड्या मारायला लागलं की तिला वाटलं, ते गणवेशावरून दिसतंय.

"ही किनार चुकून लागली," ती जरा हळू म्हणाली. "उद्या काढून येते."

इवोन सावरली. बसा, म्हणाली, मग पुन्हा, बसा ना. दुसऱ्या रांगेत एक जागा होती. शेजारची मुलगी, हाडकुळी, दोन वेण्यांची, तिने आपली खुर्ची पुढे केली आणि दुसरी स्वतःकडे ओढली. "ही घ्या मावशी, ती डुगडुगते." आणि नेलिदा टेकते न टेकते तोच कानाशी येऊन कुजबुजली, "पण आमचं उभं राहणं फुकट गेलं. ते परत द्यावं लागेल." तिचं नाव युलिसा. नेलिदाला इतकं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला बाही वर नेली तर परत ती निळी किनार डोळ्यांसमोर, आणि मग दोघी खांदे हलवत हसल्या, आणि लिसेन्सियादा इवोन फळ्याकडे तोंड करून उभी होती म्हणून वाचल्या. वर्ग हसला तर उद्या यायचं नाही, अशी अट होती. वर्गात सगळ्यात जास्त मीच हसले, त्याचं काय करायचं?

मग मागच्या खोलीत लोखंडी पलंग. पहिल्याच दिवशी पलंग, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. रुग्ण पलंगावर असताना चादर बदलायची, इवोन सांगत होती, आणि नेलिदाला पुढचं ऐकू येईना. दवाखान्यातली ती दुपार, ती चादर, देमेत्रियोचे मिटलेले डोळे... इवोनने विचारलं, रुग्ण कोण होतंय? आणि सगळ्या मुलींनी, कुठलाही खवचटपणा मनात न आणता, नेलिदाकडे पाहिलं. एकीने तर उशी नीट करून दिली. आधी शिक्षिका, मग शिवणारी बाई, आता आजारी बाई. या वयाच्या बाईला बसायला जगात बऱ्याच जागा आहेत, फक्त दुसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर नाही.

"मी नाही," नेलिदा म्हणाली. "मला चादर घालायचीय."

युलिसा टुणकन पलंगावर चढली, हात छातीवर जोडून डोळे मिटले आणि म्हणाली, मावशी, मला हळू वळवा, मी कालच मेलेय. नेलिदाने तिला कुशीवर घेतलं. जुनी चादर गुंडाळत नेली, नवी मांडली, मुलीला पलीकडे लोळवलं — केवढीशी ती, हाडांची मोळी — आणि ओढली. बसली! दोन वर्षं डोक्यात असलेली चादर हातातून उतरून पलंगावर बसली. आता कोपरा. कोपऱ्याशी तिचे हात घरी आल्यासारखे झाले. तिने कापड दुमडलं, आत एक सुबक चुणी घेतली, तिच्यावर दुसरी, नखाने दाबली. लग्नाच्या पोशाखाला शोभावा असा कोपरा. मुलींनी माना पुढे केल्या. नेलिदा सरळ उभी राहिली.

इवोन जवळ आली. तिने कोपरा पाहिला, मग नेलिदाकडे पाहिलं, आणि नेलिदाला दिसलं की तिच्या मनात काहीतरी चाललंय — नेलिदाबाई म्हणावं, छान म्हणावं, सोडून द्यावं. या शाळेत शिकणाऱ्या मुलींना आडनावाने हाक मारतात. मग इवोनने हात घातला आणि एका झटक्यात सगळ्या चुण्या बाहेर ओढल्या.

"पालासिन, चुकलं. इथे रुग्णाची टाच येते. तुझी ती चुणी महिनाभर टोचत राहिली तर कातडी जाईल त्याची. सपाट पाहिजे. उलगड. पुन्हा कर."

नेलिदाच्या हातांत चादरीचं मोकळं टोक. पालासिन... वडिलांच्या आडनावाची ही हाक तिने अखेरची कधी ऐकली होती? वेण्या असताना. आणि चुकलं? शिलाईत तिला तीसेक वर्षांत कुणी चुकलं म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणतं, जरा सैल करा, जरा आखूड करा. चुकलं म्हणत नाही, आणि पुन्हा कर तर नाहीच. चांगला हात, चांगला हात, म्हणत लोकांनी तो हात एका जागी शिवून टाकला होता. आणि आता या मुलीने एक धागा ओढला तर — राग यायला हवा होता, निदान लाज — पण अंगातून जी लहर गेली ती तर थेट... ज्याला अजून पुष्कळ शिकायचंय त्यालाच चुकलं म्हणतात. म्हाताऱ्या बाईला म्हणतात, असू दे, छान झालंय.

"हो, लिसेन्सियादा," पालासिन म्हणाली आणि वाकली. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा युलिसाला पलंगावर खरंच झोप लागली.

घरी आली ती दुपार उतरायला लागली तेव्हा. देमेत्रियो आतल्या खोलीत पडून होता, रात्रभर ट्रक हाकलेल्या माणसासारखा, अर्धा जागा अर्धा झोपेत. तिने गणवेश उतरवून घरचे कपडे घातले, खिडकीशी बसली, चष्मा लावला आणि पात्याने उजव्या बाहीची किनार उसवायला घेतली. टीप पक्की होती, तिचीच होती. दोरा तुकड्या-तुकड्याने निघत होता. निळी पट्टी सुटली, आणि तिच्याखाली पांढऱ्या कापडात सुईच्या भोकांची बारीक ओळ राहिली. या कापडात भोकं राहतात. धुतलं, इस्त्री केली, तरी पुरती बुजत नाहीत. गिऱ्हाइकाला ती म्हणाली असती, लांबून दिसत नाही हो. पण जवळून दिसणार, वर्गात सगळ्यांना दिसणार, की इथे आधी काहीतरी दुसरं होतं. तिने बोटाच्या टोकाने ती ओळ चाचपली. बरं, दिसू दे.

"काय म्हणाल्या मग?" आतून देमेत्रियोचा आवाज. "आई की आजी?"

"आधी मास्तरीण म्हणाल्या. मग शिवणारी. मग पेशंट."

"आणि मग?"

"मग पालासिन."

आत पलंग करकरला. "ते तर तुझं नावच आहे."

नेलिदाने पुढचा टाका उसवला. उद्या हाडांची नावं आहेत, लॅटिन की काय, आणि तिला परवाची गोष्ट आठवत नाही. या मुली एकदा वाचून मोकळ्या होतील. तीन वर्षं हे गुडघे, हा चष्मा... काही माहीत नाही. पाटी अजून भिंतीकडे तोंड करून होती, ती ना तिने उलटी केली ना उतरवली. दुसरी बाही अजून निळी, कॉलर निळी, ऊन खिडकीतून सरकत चाललेलं. उजेड आहे तोवर उसवून व्हायला हवं. पण हात स्वस्थ बसेनात. ती उठली, पातं खुंटीवरच्या पिशवीत ठेवलं, कपाटातून धुतलेली चादर काढली आणि आत गेली.

"उठू नकोस," ती नवऱ्याला म्हणाली. "आहेस तसाच पड. कुशीवर हो."

तो कुरकुरत कुशीवर झाला. जड होता, युलिसासारखा नाही. जुनी चादर त्याच्या पाठीशी गुंडाळताना तिला धाप लागली. नवी मांडली, त्याला पलीकडे ढकललं, फिरून दुसऱ्या बाजूला आली आणि ओढली. मग कोपरा. कापड सपाट धरायचं होतं, पण बोटांनी पुन्हा गपकन एक चुणी घेतली, सुंदर, टोकदार, जुन्या सवयीची — आणि तिने ती पाहिली.

"झालं का?" देमेत्रियोने उशीत तोंड खुपसून विचारलं.

"कुठलं होतंय," ती म्हणाली, आणि सगळा कोपरा उपसून बाहेर ओढला. "आत्ता तर कुठे चुकायला लागलेय."